सहलीची वही आपल्या हातात हवी



ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांना तिथला आपला ठरलेला कार्यक्रम पाठ असेल. पहिली खेप मुलीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाची, दुसरी खेप दुसऱ्या बाळंतपणाची, आणि मधल्या एखाद्या सुट्टीत नायगारा, डिस्नेलँड किंवा लास व्हेगासचे दिवे. सहल मुलं ठरवतात, तिकिटं मुलं काढतात, आपण स्वेटर आणि डब्याची पिशवी सांभाळत मागून चालतो. जेवायची वेळ झाली की सगळं टेबल एका प्रश्नापाशी अडतं, "आईला इथे काय चालेल?" शेवटी आईला कांदा काढलेलं सॅलड चालतं. मुलं हे सगळं प्रेमाने करतात, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण ती सहल आपली नसते.

पुढच्या जूनसाठी मी वेगळी सहल मागितली आहे आणि तिची आखणीही मीच करते आहे. माझी मुलगी डेन्व्हरला, पुतण्या मिनियापोलिसला. या दोन शहरांच्या मधून, म्हणजे नेब्रास्का, साउथ डकोटा आणि मिनेसोटा या राज्यांतून, आरव्ही घेऊन जायचं आणि रस्त्याच्या कडेला लोकांनी उभ्या केलेल्या चमत्कारिक गोष्टी बघायच्या. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हरची जागा, मागे ओटा, गॅस, फ्रिज, बिछाने आणि छोटं न्हाणीघर. आम्ही सहा जण आहोत: मुलगी, जावई, दोन नातवंडं, आमचे हे आणि मी.

माझं मत आधीच सांगून टाकते. खाण्यापिण्याचे नियम पाळणाऱ्या आपल्या वयाच्या बाईने अमेरिका बघायची तर यापेक्षा चांगला मार्ग मला दिसत नाही. मात्र एक अट आहे. आखणीची वही तिच्या हातात हवी. ती नसेल तर हीच सहल सगळ्यात वाईट ठरेल, कारण बाकीच्या पाच जणांना सुट्टी मिळेल आणि तिला चाकांवरचा ओटा.

बघायचं तरी काय?

"सुतळीचा गुंडा बघायला सात समुद्र ओलांडून जायचं?" हा प्रश्न आमच्या घरी विचारून झाला आहे. तेव्हा आधी त्या गुंड्याचंच सांगते.

मिनेसोटात डार्विन नावाचं लहान गाव आहे. तिथल्या फ्रान्सिस जॉन्सन या माणसाने १९५० साली सुतळी गुंडाळायला सुरुवात केली आणि पुढची २९ वर्षं तो गुंडाळत राहिला. गुंडा इतका वाढला की सगळीकडून सारखी सुतळी बसावी म्हणून तो उचलून फिरवायला यंत्र लावावं लागलं. त्याचा व्यास सुमारे १२ फूट आणि वजन १७,४०० पौंड, म्हणजे जवळजवळ ७,९०० किलो. कॅन्सस राज्यातल्या कॉकर सिटीतही असाच एक गुंडा आहे. तो फ्रँक स्टोबर याने १९५३ साली सुरू केला आणि गावकरी दर ऑगस्टमध्ये त्यावर अजून सुतळी चढवतात, त्यामुळे तो वाढतोच आहे. एकट्या माणसाने केलेला सगळ्यात मोठा गुंडा मात्र डार्विनचा. आपल्या आज्या मिठाईच्या पुड्याचा दोरा सोडवून, गाठी काढून, पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायच्या ते आठवा. त्या डब्याचं काय होऊ शकलं असतं ते मला डार्विनला जाऊन बघायचं आहे.

दुसरं ठिकाण साउथ डकोटातलं वॉल. डोरोथी आणि टेड हस्टेड या नवरा-बायकोने १९३१ साली या आडगावातलं औषधांचं दुकान घेतलं. मंदीचे दिवस, गिऱ्हाईक नाही. पाच वर्षं बघू, नाही जमलं तर सोडू, असं त्यांनी ठरवलं होतं. १९३६ च्या उन्हाळ्यात डोरोथीबाई दुपारी जरा पडायला गेल्या, तर हमरस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींच्या आवाजाने त्यांना झोप लागेना. उन्हातून, धुळीतून येणाऱ्या या लोकांना काय हवं असेल, असा विचार त्यांनी केला आणि उत्तर सापडलं: थंडगार पाणी. दुकानात बर्फाचं पाणी फुकट मिळेल अशा पाट्या रस्त्यावर लावायच्या, असं त्यांनी नवऱ्याला सुचवलं. पाट्या लावून टेड परत येईपर्यंत गिऱ्हाईक यायला लागलं होतं. आज 'वॉल ड्रग' म्हणजे एक सबंध बाजारपेठ आहे आणि बर्फाचं पाणी अजूनही फुकट आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणपोई घालणं हे पुण्याचं काम मानतात. एका बाईने पाणपोईवर आख्खं गाव जगवलं, हे आपल्या नातींना दाखवायला नको का?

तिसरं, नेब्रास्कातल्या अलायन्स गावाजवळचं कारहेंज. इंग्लंडमधलं स्टोनहेंज म्हणजे गोलाकार उभ्या केलेल्या प्राचीन शिळा. जिम राइंडर्स यांनी वडिलांच्या स्मरणार्थ १९८७ साली त्याच मांडणीत जुन्या मोटारी जमिनीत उभ्या गाडल्या, काही त्यांच्यावर आडव्या ठेवल्या आणि सगळ्यांना करडा रंग दिला. सगळे नातेवाईक एकत्र जमले आणि घरच्या माणसांनीच हे काम केलं. आधी गावातल्या काही लोकांना हे भंगार नको होतं. पुढे गावच त्याची राखण करायला लागलं.

चौथं, मिचेल गावचा कॉर्न पॅलेस, मक्याचा महाल. पहिला १८९२ साली बांधला, आत्ताची इमारत १९२१ ची. तिच्या भिंतींवर दरवर्षी नवी चित्रं करतात, तीही रंग न लावता, वेगवेगळ्या नैसर्गिक रंगांची मक्याची कणसं ठोकून. जुनी कणसं ऑगस्टअखेर काढायला घेतात. तोवर पाखरं येतात आणि भिंत टिपून खातात. पाखरांना दाणे घालणाऱ्या आपल्या बायकांना हा महाल आवडेल असं मला वाटतं.

वाटेत आणखी दोन मोठे पुतळे लागतात. चेंबरलेनजवळ मिझुरी नदीच्या काठावर 'डिग्निटी' हा ५० फुटी पुतळा आहे. तिथल्या मूळ रहिवासी लकोटा आणि डकोटा लोकांच्या सन्मानार्थ तो २०१६ साली डेल लॅम्फिअर या शिल्पकाराने घडवला. पोलादाची बाई, आणि तिने पाठीमागून अंगाभोवती ओढलेली गोधडी. गोधडीचे निळे तुकडे वाऱ्याने हलतात. पुढे मिनेसोटात ब्लू अर्थ गावी ५५ फूट उंच हिरवा राक्षस उभा आहे, १९७९ पासून. तो मटार आणि मक्याच्या डब्यांच्या जाहिरातीतला. शाकाहारी राक्षस म्हटल्यावर नातवाने त्याला यादीत सगळ्यात वर घातलं.

या जागांमध्ये मला काय दिसतं ते सांगते. यातल्या बहुतेक जागा कुणा राजाने किंवा सरकारने उभ्या केलेल्या नाहीत. एका साध्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट आली आणि लोक हसले तरी त्याने ती सोडली नाही. दुसरं म्हणजे आपल्या गुडघ्यांचा विचार केला तरी या जागा बऱ्या. गाडी जवळ लावायची, तास-दीड तास बघायचं, बाकावर टेकायचं. मी लिहिलेल्या या जागा बघायला तिकीट नाही, त्यामुळे पैसे वसूल करण्यासाठी पाय ओढत फिरायला लागत नाही.

एक प्रकार मात्र मी यादीतून आधीच काढला आहे. अमेरिकेच्या हमरस्त्यांवर साप, मगरी, अस्वलं पिंजऱ्यात ठेवून तिकीट लावणाऱ्याही जागा असतात. करमणुकीसाठी जीव कोंडलेला बघायचा नाही, हे नातवंडांना एकदा नीट सांगितलं. त्यांनी ऐकलं. रॅपिड सिटीला टेकडीवर १९३६ साली उभारलेले सिमेंटचे डायनोसॉर आहेत, ते त्यांना बदल्यात दिले.

आखणी सूर्यास्तापासून उलटी करायची

मुलं सहल आखतात ती सकाळपासून. किती वाजता निघायचं, किती ठिकाणं होतील. मी उलटीकडून सुरुवात करते. सूर्य मावळायच्या दोन घटका आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी जेवण आटोपलं पाहिजे. त्या भागात जूनमध्ये सूर्य साडेआठ ते नऊच्या सुमाराला मावळतो. तेव्हा साडेसातला ताटं पुसून झालेली हवीत, सहाला गॅस पेटलेला हवा, आणि त्यासाठी पाचला गाडी मुक्कामाच्या जागी उभी हवी. गाडी उभी करणं म्हणजे नुसतं ब्रेक लावणं नाही. ती समपातळीत आणायची, पाण्याची नळी जोडायची, विजेची तार जोडायची, सांडपाण्याचं बघायचं. पहिल्या दोन दिवसांत याला तासभर सहज लागेल. म्हणून दिवसातलं शेवटचं ठिकाण दुपारी तीनच्या आत संपवायचं. हे सगळं वहीत मांडल्यावर जावई म्हणाले, "आई, असं केलं तर गाडी अंधारात कधीच चालवायला लागणार नाही." मी म्हटलं, तेच तर.

इथे एक खाचखळगा आहे. साउथ डकोटा राज्यात वॉलकडून पूर्वेला चेंबरलेनकडे जाताना वाटेत घड्याळाची हद्द ओलांडली जाते आणि घड्याळ एक तास पुढे जातं. सूर्याला ते कळत नाही. त्या दिवशी सूर्यास्त घड्याळात नऊच्या पुढे दिसेल, म्हणून जेवण उशिरा चालेल. पण मुक्कामाच्या जागेचं ऑफिस मात्र घड्याळाप्रमाणे बंद होतं. या दिवशी तासभर लवकर निघायचं, असं मी वहीत लाल शाईने लिहिलं आहे.

मैलांची मर्यादा

आपल्याकडे दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेला किती अंतरापर्यंत जायचं याची मर्यादा आधी ठरवायची आणि मग ती मोडायची नाही. व्रताचा अर्थ फार मोठा आहे, सहलीच्या वहीत तो मावणार नाही. पण मर्यादा आधी आणि इच्छा नंतर, हा क्रम मी तिथूनच घेतला. दिवसाला २०० मैल, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर, यापेक्षा जास्त जायचं नाही. ही अवजड गाडी मोटारीच्या वेगाने चालत नाही, आणि मैदानी प्रदेशातला वारा उंच गाडीला बाजूने ढकलतो. ड्रायव्हर दमला की घरातली शांतता जाते.

मुलीची पहिली यादी तेरा ठिकाणांची होती, दिवस दहा. मी वहीवर रेघ मारली आणि मैल मांडले. साउथ डकोटातून जाणाऱ्या आय-९० या महामार्गाची एक चांगली सोय आहे. बाहेर पडायच्या रस्त्यांना दिलेले आकडे हे मैलांचेच आकडे आहेत. वॉलचा ११०, चेंबरलेनचा २६३, मिचेलचा ३३२. वजाबाकी केली की अंतर हातात येतं: वॉल ते चेंबरलेन १५३ मैल, तिथून मिचेल ६९. वॉलहून थेट मिचेल गाठायचं तर २२२ मैल होतात, म्हणजे मर्यादा मोडते. म्हणून चेंबरलेनला नदीकाठी मुक्काम.

पूर्ण आखणी अशी आहे. पहिला दिवस डेन्व्हरलाच, गाडी ताब्यात घ्यायची, सगळी बटणं समजून घ्यायची आणि शहराजवळच झोपायचं. दुसऱ्या दिवशी सिडनी, १७० मैल. तिसऱ्या दिवशी अलायन्स, ८० मैल, आणि कारहेंज. चौथ्या दिवशी रॅपिड सिटी, पुन्हा १७०. पाचवा दिवस विश्रांतीचा, धुणं धुवायचं आणि डायनोसॉर बघायचे. सहाव्या दिवशी वॉल, ५५ मैल, आणि शेजारच्या बॅडलँड्सच्या वाऱ्या-पावसाने कोरलेल्या कड्यांमधून फेरी. सातव्या दिवशी चेंबरलेन, आठव्या दिवशी मिचेल. नवव्या दिवशी ब्लू अर्थ, साधारण २००, तेवढा एकच दिवस काठावरचा. दहाव्या दिवशी डार्विन, ११०. अकराव्या दिवशी मिनियापोलिस, ६०. बॅडलँड्सची फेरी आणि थोडं इकडेतिकडे धरून ८० मैल वर. बेरीज सुमारे १,१५० मैल.

यात माउंट रश्मोरचे चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कुठे आहेत, असं विचाराल. रॅपिड सिटीपासून ते जवळ आहेत, पाचव्या दिवशी ज्यांना जायचं त्यांनी जावं. पण ते ज्या ब्लॅक हिल्सच्या डोंगरात कोरले आहेत ती लकोटा लोकांची पवित्र भूमी आहे, हेही नातवंडांना त्याच दिवशी सांगावं. आणि तिथल्या कस्टर पार्कमधल्या नीडल्स हायवेवर आरव्ही नेऊ नये. बोगदे इतके अरुंद आहेत की ही गाडी त्यातून जात नाही. गाडीची उंची आणि रुंदी कागदावर लिहून काचेला चिकटवायची, असं मी जावयांना सांगून ठेवलं आहे.

हिशेब

मी कॉमर्सची, त्यामुळे हा भाग मला सगळ्यात आवडतो. आरव्ही घेतली की हॉटेलचे आणि जेवणाचे पैसे वाचतात, म्हणून ती स्वस्त, असं लोक म्हणतात. वहीत मांडून बघितलं की तसं दिसत नाही. गाडीचं दिवसाचं भाडं वेगळं. मैलामागे आकार वेगळा. जनरेटर तासावर. भांडी आणि पांघरुणांचा संच हवा असेल तर त्याचे पैसे. विमा. रोजच्या मुक्कामाच्या जागेचं भाडं, वीज-पाणी-सांडपाणी जोडणी हवी असेल तर जास्त. आणि पेट्रोल. ही गाडी एका गॅलनमध्ये ८ ते १० मैल जाते, म्हणजे लिटरला चार किलोमीटरच्या आसपास. ८ मैल धरले तर १,१५० मैलांना १४४ गॅलन. गॅलनला साडेतीन डॉलर धरा, ५०० डॉलर नुसते पेट्रोलचे.

गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायची तर कंपन्या एकेरी आकार लावतात. तो आकडा बघून यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, मिचेलहून परत डेन्व्हरलाच जाऊ. मग मी दुसरी बाजू मांडली. मिचेलहून परत डेन्व्हरला आलो तर एकूण सुमारे १,४०० मैल होतात आणि तरीही सुतळीचा गुंडा आणि हिरवा राक्षस दोन्ही राहतात. २५० मैल जास्त, म्हणजे ३१ गॅलन पेट्रोल, १०८ डॉलर. मैलामागचा आकार समजा ४० सेंट, तर आणखी १०० डॉलर. शिवाय परतीच्या त्या लांब टप्प्यात बघण्यासारखं यादीतलं काहीच नाही, नुसतं चालत राहायचं. हे सगळं एकेरी आकारातून वजा करून उरतो तो खरा जादा खर्च. त्यात मिनियापोलिस ते डेन्व्हर विमानाची तिकिटं मिळवायची. उत्तर प्रत्येक घराचं वेगळं येईल. आम्हाला पुतण्याकडे जायचंच होतं, म्हणून एकेरी परवडलं. कुणाची दोन्ही टोकं एकाच शहरात असतील तर वॉलपर्यंत जाऊन परत फिरावं, १,००० मैलांत बसतं. सुतळी राहिली तर राहू द्यावी.

मग आरव्ही कशासाठी? मी ती ओट्यासाठी घेते. माझं पाणी गाळलेलं असेल, माझ्या डाळीत काय पडलं हे मला माहीत असेल, आणि कोणत्याही टेबलावर माझ्यावरून चर्चा होणार नाही. त्याची जी किंमत आहे ती उघड लिहून मी मोजते आहे. स्वस्त म्हणून घेतली असं सांगायला गेलं तर तिसऱ्या दिवशी भांडण होतं.

आणि तो ओटा कोणाचा?

आता मुख्य मुद्द्याकडे येते. गाडीत ओटा आहे म्हटल्यावर घरातल्यांच्या डोळ्यांसमोर काय येतं? गरम पोळ्या येतात. सहा माणसं, अकरा दिवस, तीन वेळा. हे मांडलं तर १९८ ताटं होतात. पंचवीस-तीस फुटांच्या डब्यात, दोन-तीन शेगड्यांवर, एका बाईने १९८ ताटं करायची आणि वर त्याला सुट्टी म्हणायचं? अशा सहलीला मी जाणार नाही आणि तुम्हीही जाऊ नये.

म्हणून आमच्या वहीत पहिल्या पानावर मैल नाहीत, कामं आहेत. सकाळचा नाश्ता यांचा. पोहे, उपमा, दूध-फळं, जे जमेल ते, आणि चव कशी झाली हे कुणी बोलायचं नाही. दुपारी कोरडं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, दही, फळं. दशम्या मी आणि मुलगी एक दिवसाआड लाटणार. संध्याकाळी एकच गरम पदार्थ, कुकरमधला. मुगाची खिचडी, दाल-ढोकळी, कच्च्या केळ्याची भाजी आणि भात. पाण्याची आणि सांडपाण्याची टाकी जावयांकडे. संडासाची टाकी रिकामी करणं हे काम घाणेरडं आहे, हातमोजे घालून करायचं आहे, आणि ते कोण करणार हे निघण्याआधीच ठरायला हवं. भांडी नातवंडांकडे. पाचवा आणि आठवा दिवस ओटा बंद. रॅपिड सिटी आणि मिचेल ही त्यातल्या त्यात मोठी गावं, तिथे किराणा घ्यायचा आणि त्या दिवशी फळं, दूध, खाकरे यावर राहायचं. हे पान मी मुलीला पाठवलं तेव्हा पलीकडून दोन मिनिटं काही उत्तर नव्हतं. मग तिने विचारलं, "बाबांना पोहे येतात?" म्हटलं, जूनपर्यंत येतील. सध्या रविवारी सराव चालू आहे.

थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. गाडी चालू असताना स्वयंपाक करायचा नाही, सगळ्यांनी पट्टा लावून बसायचं. पेट्रोल भरण्याआधी गॅस बंद. फोडणीच्या धुराने गाडीतला गजर वाजू शकतो, तेव्हा आधी खिडकी आणि छताचा पंखा उघडावा. पाण्याची टाकी ३०-४० गॅलनची, म्हणजे दीडशे लिटरच्या आतबाहेर. सहा माणसांना हे फार नाही. पाणी जपून वापरायची सवय आपल्याला व्रतासारखी लावलेली आहे, ती इथे उपयोगी पडते. गाळायला नळाला बांधायचं कापड घरून न्यावं, जाडसर आणि दुपदरी. डाळी, तांदूळ, पीठ, हिंग हे सगळं डेन्व्हरलाच भरून घ्यावं, मधल्या गावांत आपलं दुकान मिळेल असं धरू नये. तिथल्या दुकानातल्या डब्याबंद वस्तूंवरची बारीक अक्षरं वाचावीत. मार्शमेलोमध्ये जिलेटिन असतं, काही शिजवलेल्या राजम्याच्या डब्यांत प्राण्याची चरबी असते. चष्मा हाताशी ठेवावा.

तारखांचाही विचार करावा. जूनमध्ये आपला चातुर्मास सुरू झालेला नसतो आणि दशलक्षण पर्वाला घरी परतता येतं. ऑगस्टच्या सुरुवातीला रॅपिड सिटीजवळच्या स्टर्जिस गावात मोटारसायकलवाल्यांचा प्रचंड मेळा भरतो, तेव्हा मुक्कामाची जागा मिळत नाही. जूनमध्ये मात्र त्या मैदानांत गारपीट आणि चक्रीवादळं होतात. म्हणून प्रत्येक मुक्कामाच्या जागी वादळात आसरा घ्यायची पक्की इमारत कुठे आहे, हे आल्याआल्या विचारून घ्यायचं. हे काम मी माझ्याकडे ठेवलं आहे.

"या वयात हे कशाला?"

हा प्रश्न आपल्याच बायका विचारतात. त्यांना माझं उत्तर असं. आपण यात्रेला जातो तेव्हा आखणी कोण करतं? शिखरजीला, श्रवणबेळगोळला जाताना डबे कोण मोजतं, धर्मशाळेतलं अंथरूण कोण बघतं, कोणाची चतुर्दशी कुठे येते हे कोण लक्षात ठेवतं? आपणच. चाळीस वर्षं आपण हे केलं आहे. आरव्हीच्या सहलीला लागतं ते हेच. कमी जागेत संसार, मोजकं पाणी, दिवसाउजेडी स्वयंपाक, ठरलेल्या वेळी मुक्काम. मुलांना नकाशे वाचता येतात, बुकिंग करता येतं. बाकीचं आपल्याला जास्त येतं. तरीही आपण "तुम्ही ठरवा, मला काय कळतंय" असं म्हणून मोकळ्या होतो आणि नंतर सॅलड खातो.

तुमच्या मुलांनी पुढच्या खेपेचं विचारलं तर एक करा. तिकिटं काढण्याआधी एक वही घ्या. पहिल्या पानावर कामं लिहा आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहा. दुसऱ्या पानावर सूर्यास्त, तिसऱ्यावर मैल, चौथ्यावर पैसे. ठिकाणांची यादी पाचव्या पानावर, आणि त्या पानावर पाचपेक्षा जास्त नावं मावणार नाहीत इतक्या मोठ्या अक्षरात लिहा. तुमचा मार्ग वेगळा असेल, टेक्सासमधल्या अमरिलोला शेतात नाक खुपसून उभ्या असलेल्या दहा कॅडिलॅक मोटारी असतील, किंवा न्यू जर्सीतल्या मार्गेटला समुद्रकाठी १८८१ साली बांधलेली सहा मजली लूसी हत्तीण असेल. पाने मात्र याच क्रमाने भरा, आणि वही मुलांना वाचायला द्या, पण पेन आपल्याकडे ठेवा.

जय जिनेंद्र.